मोडके पाते, नवी मूठ : दख्खनच्या शस्त्रांचा दुसरा जन्म

खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूत भाग मोजकेच असतात : पाते, पाठीची कमानी, दोन बाजूंच्या पट्ट्या आणि हे सारे धरून ठेवणारे रिव्हेट. पात्याचे टोक मोडले म्हणून जाणता कारागीर चाकू भंगारात टाकत नाही. तो रिव्हेट ठोकून काढतो, सहाणेवर पात्याला नवे टोक देतो आणि नवा रिव्हेट बसवून त्याचे डोके पसरवतो. चाकू बोटभर आखूड होतो, इतकेच.

सतराव्या शतकातील दख्खनेत हीच रीत तलवारींची होती. संग्रहालयातील काचेआड दिसणारे शस्त्र एका हाताने, एका वेळी, एका जागी घडले असे आपण गृहीत धरतो. अनेकदा ते तसे नसते. पाते एका देशाचे, मूठ दुसऱ्या प्रांताची, आणि आजचा आकार तिसऱ्याच दुरुस्तीतून आलेला.

हे काम ज्यांच्या हातचे, ते शिकलगार. मूळ अरबी शब्द ‘सैकल’, म्हणजे झिलई. धार लावणे, पाते उजळणे, ढिली मूठ बसवणे हा त्यांचा व्यवसाय. फौज जिथे मुक्काम करी तिथे त्यांची गरज पडे. आणि मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीइतकी, म्हणजे पुढच्या औरंगाबादइतकी व आजच्या छत्रपती संभाजीनगरइतकी, फौजांची वर्दळ पाहिलेली शहरे दख्खनेत थोडीच. १६८२ च्या मार्चमध्ये औरंगजेब स्वतः येथे दाखल झाला तेव्हा तर हे शहर मोगली मोहिमेचा तळच बनले.

पोलादही फार दूर नव्हते. १६६६-६७ च्या सुमारास फ्रेंच प्रवासी थेव्हनो सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याकडे गेला. वाटेत, आजच्या तेलंगणातील इंदलवाई येथे, तलवारी, खंजीर आणि भाले तयार होऊन हिंदुस्थानभर जातात, अशी नोंद त्याने केली. दुसरीकडे समुद्रमार्गे युरोपातील पाती येत. लांब, सरळ, पन्हळी असलेली ही पाती दख्खनी मुठीत बसवली की त्या तलवारीला ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगी’ म्हणत.

आता तांत्रिक प्रश्न : मोडलेले पाते जोडत का नसत? मुशीत वितळवून केलेल्या दख्खनी पोलादात कार्बन भरपूर. त्यामुळेच त्यावर जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, उमटते. पण असे पोलाद जास्त तापवले तर ऐरणीवर चुरा होऊन फुटते. युरोपीय पातेही तापवून जोडले की त्याचे पाणी उतरते, आणि पुन्हा पाणी चढवताना ते वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतोच. म्हणून शहाणा मार्ग थंड कामाचा : कापा, घासा, रिव्हेट मारा. मुठीची रचनाही याला अनुकूल होती. साध्या तलवारीचे आखूड शेपूट पोकळ मुठीत राळेने पक्के केलेले असे. मूठ तापवली की राळ मऊ होऊन पाते सुटे. फिरंगीत मुठीच्या दोन लोखंडी जिभांमध्ये पाते रिव्हेटने धरलेले असे. दोन्ही शस्त्रे उघडता येत, अगदी चाकूसारखीच.

याचा सर्वांत देखणा परिणाम म्हणजे कट्यार. दक्षिणेतील कित्येक कट्यारींची पाती ही आखूड केलेली युरोपीय तलवारीची पाती आहेत. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातील अशा कट्यारी आज चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहायला मिळतात. ओळखायच्या कशा? पात्यावरील पन्हळी मुठीकडच्या पट्टीखाली अचानक लुप्त होतात. मूळ तलवारीवर त्या पुढे कुठेतरी संपत असणार. कधी परदेशी कारागिराची खूण अर्धीच उरलेली असते. पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर रिव्हेटची डोकी दिसतात.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवलेली, नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार याच कुळातली. पाते युरोपीय, घडण दख्खनी, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव व पदवीसोबत ‘फिरंग’ हा शब्द. ती आली तेव्हा ‘पाते परके, मग तलवार मराठ्यांची कशी?’ असा प्रश्न कुणालाही पडला असता. तो विचारणे योग्यच, पण उत्तर पात्यावरच लिहिलेले आहे : परकेपण लपवण्याऐवजी ते सोन्यात कोरून मिरवले गेले.

खरी चिंता वेगळी आहे. देवघरात, माळ्यावर, शस्त्रप्रदर्शनांत आजही जुनी पाती आहेत, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती बफ मशीनवर चकचकीत केली जातात. गंजासोबत खुणा जातात, पन्हळीच्या कडा बोथट होतात, सांध्यावरचे जुने रिव्हेट काढून नवे स्क्रू बसतात. मग ते पाते कधी तलवार होते, कुठे मोडले, कुणी आखूड केले, हे वाचायला काहीच उरत नाही. अशा शस्त्रावर मऊ कापडाने हलके तेल फिरवावे, सुटलेली मूठ डिंकाने चिकटवू नये, आणि बाकी काम संग्रहालयातील संवर्धकावर सोडावे. संभाजीनगरच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात जुन्या शस्त्रांपुढे उभे राहाल तेव्हा नजर आधी मुठीवरच्या नक्षीकडे जाईल. ती दोन बोटे खाली, सांध्यावर आणा.