कोळंबीची ॲलर्जी, मुलांमधील

कोळंबी, करंदी, जवळा, चिंबोरी, शेवंड या कवचधारी जलचरांतील प्रथिनांविरुद्ध मुलाच्या प्रतिकारसंस्थेत उमटणारी प्रतिक्रिया. डहाणू तालुक्यातील वरोरसारख्या मच्छीमार गावात हे रोजचे अन्न. पावसाळी मासेमारीबंदीतही घरात सुका जवळा असतोच. म्हणून येथे निदानाइतकीच त्याची नेमकी नोंदही महत्त्वाची.

मुख्य कारण ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतील प्रथिन. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बाराव व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पेनिअस इंडिकस या पांढऱ्या कोळंबीत ते ओळखले. उष्णतेने ते नष्ट होत नाही. कालवण कितीही उकळले तरी धोका टळत नाही, काही मुलांना तर शिजताना निघणाऱ्या वाफेनेही धाप लागते. माशांतले ॲलर्जीकारक प्रथिन मात्र वेगळे, पार्व्हअल्ब्युमिन. कोळंबी न सोसणारे मूल पापलेट बहुधा निर्धास्त खाऊ शकते. बोंबील जवळाही खातो, तेव्हा त्याचे पोट नीट साफ केलेले बरे. हा फरक न करता केसपेपरवर नुसते ‘मासे बंद’ लिहिणे ही गंभीर चूक आहे. कुपोषणाशी झगडणाऱ्या पालघर जिल्ह्यात मुलाच्या ताटातले प्रथिन असे विनाकारण काढून घेता येणार नाही.

खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा धाप लागते. घरी ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावतात आणि ती घटना दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही. याउलट बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात, कुप्यात हिस्टामीन वाढते व खाणाऱ्या अनेकांना तशीच लाली, खाज येते. ती विषबाधा, ॲलर्जी नव्हे. ‘घरात आणखी कोणाला त्रास झाला का?’ हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा. मग कोळंबीची जात, ताजी की सुकी, किती खाल्ली, किती वेळाने काय झाले, कोणते औषध दिले, हे लिहायचे.

त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत 15 ते 20 मिनिटांनी उठलेली गांधी नुसत्या सलाइनच्या टोचणीपेक्षा किमान 3 मिलिमीटरने मोठी असेल, तर ती सकारात्मक धरतात. तेवढ्याने निदान पक्के होत नाही. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या पाहणीत सुमारे 19 टक्के मुलांच्या रक्तात अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. संभाव्य ॲलर्जी 0.14 टक्के मुलांनाच होती. शंका उरल्यास रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, थोडे थोडे खाऊ घालून पाहतात.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 30 विकारांच्या यादीत अन्नाची ॲलर्जी नाही. तेव्हा नोंदीचा भार केसपेपरवर आणि आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर. ही नोंद अंगणवाडी सेविकेलाही कळायला हवी: अमृत आहार योजनेत आदिवासी भागांतील मुलांना अंडी मिळतात, आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्याऐवजी केळी देता येतात. दूध-अंड्याची ॲलर्जी वाढत्या वयात बहुधा जाते. कोळंबीची सहसा टिकते. मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात गेले की कागद त्याच्यासोबत गेलाच पाहिजे.

धाप लागली, मूल मलूल पडले, तर पहिले औषध ॲड्रेनलिन: मांडीच्या बाहेरील स्नायूत, दर किलो वजनास 0.01 मिलिग्रॅम, लहान मुलांत कमाल 0.3 मिलिग्रॅम. 108 ला त्याच वेळी फोन करावा. मात्रा वजनावर ठरत असल्याने प्रत्येक भेटीत मुलाचे नवे वजन नोंदीत लिहावे.