समुद्र न काढलेली चित्रं

माझा मामा सत्तावीस वर्षं रेवस–भाऊचा धक्का लाँचवर होता. त्याला मी एकदा गायतोंडेंचं चित्र दाखवायला नेलं. मामा मुंबईला डोळे तपासायला आला होता, डॉक्टरांची वेळ दुपारची होती आणि मधले तीन तास काय करायचं हा प्रश्न होता. म्युझियममध्ये (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण आमच्या घरात ते अजून 'म्युझियम'च) जहांगीर निकल्सन यांनी जमवलेला चित्रसंग्रह आहे, तिथे गेलो. जाताना टॅक्सीत मी मोठ्या उत्साहाने सांगत होते, की हा चित्रकार तासन् तास समुद्राकडे बघत बसायचा. मामा चित्रासमोर उभा राहिला. हात मागे बांधून, लाँच धक्क्याला लागताना उभा राहायचा तसा. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "यात समुद्र कुठाय गं?"

मला काही सांगता आलं नाही. "तसा नसतो तो, मामा," असलं काहीतरी पुटपुटले आणि आम्ही चहा प्यायला गेलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग जमेल तसं वाचत गेले. हे लिहिणं म्हणजे त्या दिवशी द्यायचं राहून गेलेलं उत्तर. (मामा स्वतः काही हे वाचणार नाही. सुमे, तू वाचून दाखव.)

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपूरचा, घराणं मूळचं गोव्याचं, आणि वाढले गिरगावातल्या चाळीत. 1948 मध्ये जे. जे. मधून पदविका घेतली. सुरुवातीची त्यांची चित्रं बघितली तर चकित व्हायला होतं, कारण त्यांत माणसं आहेत! लघुचित्रांतल्यासारखे सपाट, झळझळीत रंग आहेत. मग पॉल क्लेचा नाद लागला, आकृत्या हळूहळू विरघळत गेल्या आणि पन्नाशीचं दशक संपता संपता माणसं चित्रातून पार निघून गेली. नेमक्या याच काळात त्यांचा स्टुडिओ भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये होता.

या जागेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला विचाराल तर या गोष्टीतलं तिसरं पात्र ती जागाच आहे. लाल किल्ल्यावरच्या खटल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांची बाजू मांडणारे वकील भुलाभाई देसाई, त्यांचा वॉर्डन रोडवरचा बंगला. त्यांच्या मागे सूनबाई मधुरी देसाई यांनी तो कलावंतांना खुला केला. नाममात्र भाड्यात स्टुडिओ मिळायचा. रविशंकर तिथे शिकवत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी तिथे होत, हुसेन तिथे चित्रं रंगवत. एका खोलीतून सतार, दुसरीतून संवाद, तिसरीतून टर्पेंटाइनचा वास, आणि मागे अरबी समुद्र. पुढे बंगला पाडला गेला. आता तिथे उंच इमारत आहे. रस्त्याला तेवढं भुलाभाईंचं नाव उरलं.

त्या गजबजाटात गायतोंडे मात्र गप्प. समुद्राकडे बघत बसलेले गायतोंडे, हे त्यांच्या ओळखीच्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येणारं दृश्य. साठच्या आसपासची त्यांची चित्रं करडी, निळसर, शेवाळी आहेत. मधेच एखादा आडवा पट्टा, त्यावर काहीतरी तरंगल्यासारखं, अर्धं वर आणि अर्धं आत. 1961 सालचं असंच एक निळं चित्र 2021 मध्ये लिलावात एकोणचाळीस कोटी अठ्ठ्याण्णव लाखांना गेलं. हा आकडा मी मामाला सांगितला. तो म्हणाला, "तेवढ्यात रेवसला पूल झाला असता." (झाला नसता. पण मुद्दा कळला.)

आता गंमत अशी, की गायतोंडेंनी स्वतः या चित्रांना कधी समुद्राची चित्रं म्हटलं नाही. नाव द्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. 'अमूर्त' हा शब्दसुद्धा त्यांना पसंत नव्हता. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि त्यातून हे काढलं, असा अर्थ होतो, म्हणून ते आपल्या चित्रांना 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत. म्हणजे मामाच्या प्रश्नाचं चित्रकाराकडून येणारं उत्तर सरळ आहे: यात समुद्र नाहीच. माझी टॅक्सीतली बडबड फुकट.

पण मला ते तेवढ्यावर सोडवत नाही. ही चित्रं कशी बनायची ते पाहा. ब्रश जवळजवळ नाहीच. रोलर आणि रंग पसरायची चपटी सुरी. पातळ रंगाचा एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग ओला असतानाच काही भाग खरवडून किंवा कागदाने टिपून काढायचा, म्हणजे खालचा थर वर डोकावतो. पुन्हा थर. मधे कित्येक दिवस नुसतं बसून राहणं. वर्षाकाठी चित्रं व्हायची मोजकीच, पाच-सहा. मला यात ओळखीचं वाटतं ते हे: रंग आणून टाकायचा आणि परत ओढून न्यायचा. जे दिसतं ते टाकलेल्यापेक्षा मागे उरलेलं जास्त. किनाऱ्यावर दिवसातून दोनदा दुसरं काय चालतं? आता हे मी बघते म्हणून आहे की खरंच आहे, ते मला सांगता येणार नाही. टॅक्सीतल्या बडबडीचा परिणाम माझ्यावरही झालेला असणारच.

याच भुलाभाईत 1958 नंतर एक तरुण मुलगी आली. नसरीन मोहम्मदी. जन्म कराचीचा, 1937 चा, चित्रकलेचं शिक्षण लंडनला. गायतोंडे तिच्याहून तेरा वर्षांनी मोठे. तिने त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं. पहिलं एकल प्रदर्शन तिथल्याच 'गॅलरी 59' मध्ये, 1961 साली. सुरुवातीला तीही शाईचे ओघळ, धूसर डाग, पाण्यात पडलेल्या फांद्यांसारखं काहीतरी करायची. आणि मग सत्तरच्या दशकात एकदम वेगळीच झाली. रंग गेले. कॅनव्हास गेला. उरला कागद, पेन्सिल, शाई आणि अभियंत्यांची रेघा मारायची अवजारं. आडव्या रेघा, एकीखाली एक, शेकडो. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे मधेच शाई पुसट होत गेलेली. तिनेही चित्रांना नावं दिली नाहीत, आणि बहुतेकांवर तारीखही नाही. इतिहास लिहिणाऱ्यांची चांगलीच पंचाईत करून ठेवली आहे दोघांनी!

ही नुसती भूमिती नव्हे, हे मला तिचे फोटो बघून कळलं. हयातीत तिने ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. त्यांत रस्त्यावरचे पट्टे आहेत, फतेहपूर सिक्रीचे दगड आहेत, आणि समुद्र आहे. बहारीनचा, जिथे वडिलांचा व्यवसाय होता, आणि किहीमचा. हो, आपलं अलिबागजवळचं किहीम, जिथे सालिम अलींनी 1930 साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तेच. किहीमला तिच्या घरच्यांचं घर होतं.

परदेशातले समीक्षक गायतोंडेंचं नाव निघालं की रॉथ्कोचं नाव काढतात आणि नसरीनचं निघालं की अ‍ॅग्नेस मार्टिनचं. त्यात खोटं काही नाही. गायतोंडे 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेच होते. पण हे ऐकलं की मला उगीच राग येतो. समुद्राच्याच बाबतीत तुलना हवी असेल तर माझ्या मते मोंड्रियान जवळचा. 1914 च्या महायुद्धात तो पॅरिसहून मायदेशी हॉलंडला आला आणि अडकून पडला, तेव्हा किनाऱ्यावर जाऊन लाटांची आणि पाण्यात शिरलेल्या लाकडी धक्क्याची चित्रं काढू लागला. 1915 पर्यंत त्यात लाट उरली नाही, धक्काही नाही. उरल्या नुसत्या आडव्या-उभ्या तुटक रेघा. पण त्याच्याकडे निदान 'धक्का आणि समुद्र' हे नाव तरी मिळतं. आपल्या या दोघांनी तेवढाही धागा हाती दिला नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. 1972 साली गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीला गेले. त्याच वर्षी नसरीन बडोद्याला शिकवायला गेली. दोघंही समुद्रापासून लांब! आणि दोघांचंही अस्सल काम, निदान माझ्या मते, त्यानंतरचं. गायतोंडेंची चित्रं आता उभी होत गेली, त्यांत पिवळे, तांबडे, राखी रंग आले. निळ्याचा फारसा मागमूस नाही. म्हणजे समुद्राचा माझा सगळा सिद्धांत इथे गडगडतो. की उलटं? समोर पाणी असेपर्यंत रंगात पाण्याचा निळा येत राहिला, आणि ते दृष्टीआड गेल्यावर फक्त थर देणं आणि मागे घेणं उरलं? मी हे बऱ्याच बाजूंनी फिरवून पाहिलं. मला दुसरं पटतं, पण कोणी पुराव्याने खोडून काढलं तर भांडणार नाही.

नसरीनच्या बाबतीत एवढा गोंधळ नाही, कारण ती परत येत राहिली. ऐंशीच्या दशकात तिला मज्जासंस्थेचा विकार जडला. हातापायांवरचा ताबा सुटत चालला, चालणं, वस्तू धरणं कठीण झालं. आणि त्या वर्षांतली तिची रेखाटनं बघा: तिरक्या रेघा कागदावरून सुटून निघाल्यासारख्या, केसाइतक्या बारीक, आणि एकही थरथरलेली नाही. तो हात कागदावर कसा स्थिर होत असेल? मला हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. 1990 च्या मे महिन्यात ती गेली, किहीमलाच. वय त्रेपन्न. तिच्या मागे सव्वीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपली नवी आधुनिक शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीलाच तिचं प्रदर्शन भरवलं.

गेल्या दिवाळीत अलिबागला गेले तेव्हा तिच्या फोटोंचं पुस्तक सोबत नेलं होतं. मामाला काचबिंदू आहे. कडेचं दिसत नाही, मधलं दिसतं. पण त्याच्या बाबतीत मला त्याचं इतकं वाईट वाटत नाही, हे त्याच्यामुळेच. पहाटेच्या धुक्यात समोर काही दिसायचं नाही तेव्हा लाँच कशी आणायचे, असं मी लहानपणी विचारलं होतं. तो म्हणाला होता, पायाखाली कळतं. खाडीचं पाणी वेगळं हलवतं आणि बाहेरचं वेगळं.

ओसरीवर बसून त्याने पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि मान हळूहळू फिरवत एकेक फोटो पाहिला. रस्त्याचे पट्टे सरळ उलटून टाकले. ओल्या वाळूच्या एका फोटोवर थांबला. त्यात खरं तर काहीच नाही; वर पाण्याची एक पांढुरकी कड आणि खाली चमकणारा करडा कागद भरून पट्टे.

"सुकती आहे," तो म्हणाला. "दोनेक तास झाले असतील सुटून."

"कशावरून?"

"अगं, पाणी तिकडे लांब आणि अलीकडची सगळी वाळू ओली. भरती चढत असती तर ही कोरडी नसती का?"

मग त्याने पान उलटलं नाही. बोट त्या पट्ट्यांवरून डावीकडून उजवीकडे नेलं, परत आणलं. मी बॅगेतून तिच्या रेखाटनांची छापील प्रत काढली आणि शेजारी ठेवली. नुसत्या रेघा. काही सांगितलं नाही, टॅक्सीतून शिकले होते. त्याने ती उचलून जवळ धरली, लांब धरली, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"बाई इथलीच का?" त्याने विचारलं.

"किहीमला घर होतं."

"मग बरोबर," मामा म्हणाला, आणि मामीला चहाचं विचारायला आत गेला.