सालीखालची काळी मुळे : एका नावाचा इतिहास

युरोपातील जंगलांत वठलेल्या झाडाची सैल साल उचकटली असता तिच्याखाली काळ्या, चपट्या, चकचकीत दोऱ्यांचे जाळे पुष्कळदा आढळते. पाहणाऱ्यास ती मुळेच वाटावीत. परंतु मूळ सालीच्या आतून बुंध्यावर का चढावे?

अठराव्या शतकाच्या अखेरीस आल्ब्रेख्ट रोट या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोऱ्यांचा स्वतंत्र वंश मानून त्यास ‘ऱ्हायझोमॉर्फा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ऱ्हायझा’ म्हणजे मूळ आणि ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. रूपापुरते हे नाव प्रामाणिक आहे. कुळाविषयी ते मौन पाळते. पुढे पर्सून याने सालीखालच्या चपट्या दोऱ्यांस ‘सबकॉर्टिकॅलिस’ आणि मातीतल्या गोल दोऱ्यांस ‘सबटेरॅनिया’ म्हटले. म्हणजे बिऱ्हाड बदलले की जात बदलली! या दोऱ्यांवर ना फळ दिसे, ना बीजाणू. त्यामुळे कोणी त्यांना दगडफुलांत बसवी, तर कोणी बुरशींत. खाणींतील लाकडी आधारांवरही त्या वाढत, आणि त्यांची कोवळी टोके अंधारात मंद प्रकाशत, याचेही अभ्यासकांना मोठे कुतूहल होते.

खरा पेच एका घराण्यातच उभा राहिला. थिओडोर हार्टिग या वनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये कुजणाऱ्या लाकडातील बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याचे निरीक्षण अचूक होते, परंतु अनुमान चुकले. बुरशी बाहेरून येत नसून लाकडाच्या पेशीच रूपांतर पावून बुरशी बनतात, असे त्याने मानले. त्याचा पुत्र रोबर्ट हार्टिग एबर्सवाल्डे येथील वनविद्यालयात शिकवीत असताना सूचिपर्णी वृक्षांच्या रोगाकडे वळला. बुंध्याच्या तळाशी राळ गळून कोवळी झाडे मरत होती. त्याने साल सोडवून पाहिली तेव्हा जिवंत सालीखाली पांढरे, पंख्यासारखे कवकजाल दिसले. तेच पुढे काळ्या दोऱ्यांशी जोडलेले होते, आणि त्याच दोऱ्या शरद ऋतूत बुंध्याशी उगवणाऱ्या मधुवर्णी अळंब्यांच्या देठांपर्यंत पोहोचत होत्या. १८७४ मध्ये त्याने आपला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला : ऱ्हायझोमॉर्फा ही वेगळी वनस्पती नव्हे, ते त्या अळंबीचेच अंग आहे, आणि ते मातीतून एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत रोग नेते. पित्याच्या मताचे याहून सौम्य आणि याहून निर्णायक खंडन आम्हांस ठाऊक नाही. पुढे १८७७ मध्ये ब्रेफेल्ड याने अळंबीचे बीजाणू रुजवून त्यांपासूनच या दोऱ्या वाढवून दाखविल्या.

त्या अळंबीस १७९० मध्ये व्हाल याने ‘अगॅरिकस मेलेयस’ म्हटले होते. १८७१ मध्ये कुमर याने तिला ‘आर्मिलारिया मेलेया’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘आर्मिला’ म्हणजे कंकण; देठावरचे कडे पाहून वंशाचे हे नाव पडले. ऱ्हायझोमॉर्फा हे वंशनाम मात्र निराधार झाले आणि एका अवयवाचे सामान्यनाम म्हणून उरले.

तथापि प्रकरण येथेच मिटले नाही. १९७८ मध्ये फिनलंडच्या कोऱ्होनेन याने कवकजालांचा परस्पर संकर घडवून दाखविले की, युरोपात ‘मेलेया’ या एका नावाखाली पाच जाती नांदत आहेत. त्यांपैकी काही जिवंत झाडे मारतात, तर काही बहुधा दुबळ्या वा मेलेल्या झाडांवरच उपजीविका करतात. म्हणून सालीखाली काळी दोरी दिसताच झाडाचा मारेकरी सापडला, असे समजणे उतावळेपणाचे ठरते. आज जातीचा निर्णय बहुधा डीएनएच्या तपासणीने होतो. याच वंशातील एका जातीचे अमेरिकेतील ओरेगॉनच्या जंगलात पसरलेले एकच कवकजाल सुमारे ९६५ हेक्टर व्यापते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

दोरी आहे की मूळ, एवढे ओळखण्यास मात्र चाकू पुरतो. आडवा छेद घ्यावा. मुळाच्या मध्यभागी कठीण लाकडी गाभा लागतो. या दोरीत काळ्या, टणक आवरणाच्या आत पांढरा, मऊ धागेदार गर असतो. मराठीत तिला आम्ही ‘कवकदोर’ म्हणू. ‘मूळ’ हा शब्द त्यात नसलेलाच बरा.