हिंदनगर : कोरियातील भारतीय पहारा (१९५३-५४)

१/ मुदखेड-नांदेडच्या मुलखाने सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सेना पाहिली ती हैदराबाद संस्थानातील कारवाईच्या वेळी. त्यानंतर पाचच वर्षांनी तीच सेना कोरियात गेली. तेथे तिचे काम लढण्याचे नव्हते, कैद्यांवर पहारा ठेवण्याचे होते.

२/ २७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धविराम झाला. तो बराच काळ रखडला होता एका प्रश्नावर : मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावे?

३/ तोडगा म्हणून पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे आले. प्रत्यक्ष ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे सेनापती होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दलात मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा सांगणारी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटणही होती.

४/ दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांस आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यामुळे इंचॉन बंदरातील जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील छावणीस नाव मिळाले ‘हिंदनगर’.

५/ संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने आलेले चिनी व उत्तर कोरियन कैदी सुमारे २२,६०० होते. दुसऱ्या बाजूचे ३५९, त्यांत २३ अमेरिकी. प्रत्येकाने आपल्या देशाच्या प्रतिनिधीचे म्हणणे ऐकून निर्णय घ्यावा, असे ठरले होते.

६/ सप्टेंबरअखेर चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले. थोरात निःशस्त्र तारांच्या आत गेले. क्षुब्ध जमावाने त्यांनाही घेरले. परंतु बोलणी करून त्यांनी अधिकाऱ्याची सुटका करविली. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग दुसरा), म्हणजे आजचे कीर्तिचक्र, लाभले.

७/ संयम सदैव टिकला असे नाही. ऑक्टोबरच्या आरंभी पहारेकऱ्यांनी गोळीबार केला व काही कैदी मृत्युमुखी पडले.

८/ खरा पेच निराळाच होता. कैद्यांच्या म्होरक्यांची आत दहशत होती. परतू इच्छिणाऱ्यांच्या हत्याही झाल्या. बळजबरीने कैदी बाहेर काढावेत तर मोठा रक्तपात ओढवला असता. न काढावेत तर दबलेल्यांस निवडीची संधीच मिळत नव्हती. भारताने बळ वापरले नाही. त्या बाजूच्या कैद्यांपैकी सुमारे सहाशेच मायदेशी परतले.

९/ जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी मूळ ताबेदारांकडे परत देण्यात आले. दोन्ही पक्ष नाराज झाले.

१०/ अठ्ठ्याऐंशी कैद्यांना मात्र दोन्ही बाजू नको होत्या. ते भारतीय सैनिकांबरोबर जहाजाने मद्रासला आले. पुढे १९५६ मध्ये गाझात व १९६१ मध्ये काँगोत भारतीय पलटणी गेल्या. परक्यांच्या भांडणात उभे राहून बंदूक आवरण्याचा पहिला मोठा धडा त्यांच्या सेनेने हिंदनगरात घेतला होता, आणि त्या संयमाची किंमत काही कैद्यांनी मोजली होती, हेही विसरता येत नाही.