दिव्याखालचा अंधार आणि वाचनालयाचा उजेड

गोमंतकातील मराठी ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना संस्थापक, देणगीदार आणि ग्रंथसंख्या यांची नोंद आवर्जून केली जाते. परंतु वाचक ज्या उजेडात वाचीत बसला, त्याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक ग्रंथालयाचे दार कोणासाठी उघडे राहील, हे बऱ्याच अंशी दिव्यानेच ठरविले. दिवसभर शेतात, कुळागरात किंवा दुकानात राबणाऱ्यास वाचनासाठी संध्याकाळच तेवढी मोकळी असे.

पेडणे आणि डिचोली हे प्रदेश १७८० च्या दशकात पोर्तुगीज सत्तेखाली आले आणि 'नव्या काबिजादी'त मोडू लागले. पणजीस सार्वजनिक ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. मात्र येथील मराठी वाचकाला मोकळा श्वास घेता आला तो ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर. हिंदूंना समान नागरी हक्क लाभले, मराठी शाळा निघाल्या, १९१२ साली मडगावास गोमंत विद्या निकेतन उभे राहिले. वाचनाची ही भूक वाढली, तेव्हा खेडोपाडी विजेचा मागमूसही नव्हता.

दिवसा घराची रचनाच दिव्याचे काम करी. चुन्याने रंगविलेल्या भिंती, कौलारू छपरात बसविलेले काचेचे कौल आणि जुन्या घरांतील शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या ही त्याची साधने. शिंपला ऊन अडवीत नाही, पसरवितो. त्यामुळे डोळे न दिपता अक्षर स्पष्ट दिसते. परंतु पावसाळ्यात आभाळ भरून आले, की भर दुपारी वाचनात खंड पडे. रात्री खोबरेल तेलाची समई, पुढे रॉकेलची चिमणी, कंदील आणि समारंभापुरती पेट्रोमॅक्स बत्ती. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की पानावरचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच एका कंदिलाभोवती मोजकीच डोकी एकत्र येत. पुस्तक जवळ न्यावे तर काजळी आणि आगीचे भय, दूर धरावे तर डोळ्यांना शीण. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण त्या काळच्या वाचकाला शब्दशः अनुभवास येई; कारण तेलाचे भांडे ज्योतीच्या खालीच असते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ साली पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या. विजेच्या तारा हळूहळू खेड्यांपर्यंत पोहोचल्या. दिवा छताला टांगला गेला आणि म्हणीतला अंधार ओसरला. नवे वाचक तयार होत असतानाच डिचोलीच्या खाणपट्ट्यातील कचेऱ्यांत रात्रपाळीचे हिशेब विजेच्या उजेडात होऊ लागले. कामाच्या जागी उजेड ही मालकाची मेहेरबानी नाही, हे तत्त्व भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने मान्य केले होते. त्याच्या सतराव्या कलमात पुरेसा व योग्य प्रकाश, स्वच्छ खिडक्या आणि डोळ्यांवर ताण आणणारी तिरीप व सावल्या टाळणे या तिन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. वाचनालय हा कारखाना नव्हे. तरीही तेथे बसणाऱ्याचे डोळे तेच असतात.

पिवळ्या दिव्यामागून ट्यूबलाईट आली आणि तिच्यामागून एलईडी; निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल पारितोषिक लाभले. वीज वाचली, उष्णता घटली. तथापि भरपूर उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे. गुळगुळीत पानावर दिव्याचे प्रतिबिंब पडले, तर अक्षर पुसल्यागत होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास डाव्या बाजूचा प्रकाश हितकर; एरवी हाताचीच सावली शाईवर पडते. शिवाय जो उजेड वाचकाला हवा, तोच जुन्या कागदाचा शत्रू असतो. स्वस्त कागदातील लिग्निन प्रकाशाने पिवळे पडते, पान ठिसूळ होते. म्हणून मेजावर भरपूर आणि कपाटांपाशी बेताचा उजेड, तोही गरजेपुरता, हीच शहाणी विभागणी ठरते.

कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात ज्या पिढीने मराठी अक्षराची सोबत सोडली नाही, तिचे ग्रंथ पुढील शतकाच्या वाचकालाही सुस्थितीत मिळावेत, याची जबाबदारी आता मुबलक प्रकाश लाभलेल्या पिढीवर आहे.