पुराण मागणारे श्रोते

गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही? फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, हा प्रसंग येतो.

प्रश्न जिव्हारी लागणारा होता. 1567 मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे जमीनदोस्त केली, आणि देवळांबरोबर तिथली कथा-कीर्तनेही गेली. नव्या देवाच्या दुःखाने ज्यांचे डोळे भरून यावेत अशी अपेक्षा होती, त्यांच्या स्वतःच्या जखमा ताज्या होत्या.

स्टीफन्स इंग्लंडचे. 1579 मध्ये ते गोव्यात आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. वधस्तंभावरच्या देवाची गोष्ट या लोकांना भिडायची तर ती ज्ञानेश्वरांच्या ओवीतूनच सांगावी लागेल, हे त्यांनी ओळखले. त्यांचा स्वर्ग ‘वैकुंठ’ झाला, ख्रिस्त ‘स्वामी’ झाला. जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहून झाल्या. छपाईसाठी देशी लिपीचे खिळे पाडून मिळावेत म्हणून 1608 मध्ये त्यांनी वरिष्ठांना पत्रही लिहिले, पण ते जमले नाही. अखेर 1616 मध्ये राशोल येथे ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये तो वाचला जाई, आणि ख्रिस्ताचे दुःखसहन मराठी ओवीच्या लयीत लोकांच्या कानी पडे.

17व्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतली एकही प्रत आज हाती नाही. 1684 मध्ये तर व्हाइसरॉयने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. तरीही पुराण टिकले, कारण भाविक ते हाताने उतरवून घेत राहिले. एवढ्या ओव्या बोरूने लिहून काढायच्या म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम. देवाच्या प्रेमाला भक्ताने दिलेले याहून खरे उत्तर शोधून सापडणार नाही. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण मंगळूरकडे जपले, आणि तिथेच 1907 मध्ये जे. एल. सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले.

तोवर इकडे महाराष्ट्रात प्रोटेस्टंट पंथात ख्रिस्ताची गोष्ट मराठी वळणाने सांगण्याची हीच ओढ नव्याने जागी झाली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक चर्चमध्ये कीर्तन करत, अभंग रचत. ख्रिस्तावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहायला घेतले, पण दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. ते काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी उचलले. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे ताटातूट सोसली, लग्नानंतर ज्या लिहा-वाचायला शिकल्या, त्या बाईंनी पुढचे 64 अध्याय रचले.