निनावी पिस्तूल कसं ओळखावं

पिंपळगाव बसवंतला मामांच्या पत्र्याच्या पेटीत एक काळं पिस्तूल निघालं. कंपनीचं नाव नाही, क्रमांक नाही, देशाचंही नाव नाही. मामी म्हणाल्या, "ह्यांनी बागेतली पाखरं उडवायला आणलं होतं." धाकट्या मामेभावाच्या मते ते जर्मन. घरची आठवण हाही पुरावाच, पण तो शेवटी तपासावा. आधी ऐकला की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

अशा वस्तूला 'तू कोणाची?' हे विचारण्याआधी 'तुझ्यातून सुटतं काय?' हे विचारावं लागतं. उत्तरं तीन: काडतुसाची गोळी, शिशाचा छर्रा किंवा प्लास्टिकचा मणी. उत्तर मिळेपर्यंत पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं आणि नळीत समोरून डोकवायचं नाही. काडतुसाची जरा जरी शंका आली तर तपास तिथेच थांबवून पोलीस ठाणं गाठायचं.

इथे नळीच बोलकी निघाली. बाहेरून तोंड चांगलं रुंद, पण ते नुसतं सोंग. जरा आत पितळेची बारीक नळी बसवलेली. फवारणीच्या पंपाच्या हत्यारांत ड्रिलचे बिट होते. साडेचार मिलिमीटरच्या बिटाची दांडी त्या नळीत खुळखुळली, सहाची मात्र अलगद सरकली. छऱ्र्याच्या पिस्तुलाची नळी बहुधा ४.५ मिलिमीटरची असते आणि तिच्या आत पीळ कोरलेले असतात. नाशिकला भीष्मराज बाम यांच्यामुळे रुजलेल्या नेमबाजीत १० मीटरवर वापरतात ते याच मापाचं. आमच्या नळीत पीळ नव्हते. सहा मिलिमीटर, गुळगुळीत, पितळी: म्हणजे प्लास्टिकचा मणी, म्हणजेच एअरसॉफ्ट.

आता यंत्रणा. मॅगझिनच्या बुडाला गॅस भरायची झडप नाही. वरचा भाग मागे ओढला की आत स्प्रिंग दबते आणि चाप ओढल्यावर दट्ट्या हवा ढकलतो. दर मण्याला पुन्हा ओढा. चुंबक अंगाला कुठेच चिकटला नाही. मुठीच्या कडेने साच्याची शिवण नखाला लागते, म्हणजे अंग प्लास्टिकचं. हाताला जाणवणारं वजन मुठीत बसवलेल्या जस्ती तुकड्याचं होतं.

असं प्लास्टिकच का, याचं उत्तर जपानी कायद्यात आहे. तिथे १९७१ पासून धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बुजवणं आणि त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणं सक्तीचं झालं. खरी दिसणारी काळी नक्कल हवी तर प्लास्टिककडे वळणं आलं, आणि त्यातून मणी उडवणारी खेळणी वाढली. तैवान, कोरिया, हाँगकाँगच्या कारखान्यांनी पुढे त्यांच्या नकला काढल्या. नकलेचीही नक्कल झाली की नाव कोरायचं कोणाचं?

काळ ठरवायला नळीची मागची बाजू उपयोगी पडते. मण्याला उलटी फिरकी देणारा रबराचा उंचवटा, ज्याला हॉप-अप म्हणतात, १९९०च्या दशकात रूढ झाला. आमच्यात तो नाही. यावरून पिस्तूल जुनं असण्याची शक्यता वाढते, पण सिद्ध होत नाही. स्वस्त मालात तो नंतरही वगळत.

मामेभावाचं 'जर्मन' कुठून आलं तेही कळलं. आकार हुबेहूब वॉल्थर पी-३८चा आहे. नवखा इथेच फसतो. आकारावरून नक्कल कशाची ते कळतं, केली कोणी ते कळत नाही.

आता मामींची आठवण. ०.२ ग्रॅमचा मणी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा बरोबर १ ज्यूल. या जातीच्या स्प्रिंगमध्ये तेवढीही नसते आणि हलका मणी वाऱ्याने भरकटतो. द्राक्षाच्या मांडवावरच्या साळुंक्या त्याला काय भीक घालणार! त्यांच्यासाठी डबा बडवणंच बरं. पण मामा द्राक्षाच्या गाडीबरोबर मुंबईला जात हे खरं. १९९६ साली घाऊक फळबाजार वाशीला हलला. त्याआधी माल क्रॉफर्ड मार्केटला उतरे, आणि परदेशी वस्तूंचं मनीष मार्केट तिथून चालत पाच मिनिटांवर. वस्तूचं वय आणि मामांच्या खेपा जुळतात. पाखरांचं कारण बहुधा मामींना सांगण्यापुरतंच असावं.

मुठीचा स्क्रू काढला तर आत साच्याचा '३' हा आकडा आणि एक बाण, बस्स. चिठ्ठीवर मी लिहिलं: स्प्रिंगचं एअरसॉफ्ट, ६ मिलिमीटर, हॉप-अप नाही, पी-३८ची नक्कल, पूर्व आशियाई बनावट, बहुधा १९९६ पूर्वीचं. 'कारखाना' या शब्दापुढे रेघ मारली.

मामेभावाला ते गाडीच्या खणात ठेवायचं होतं. २०१६च्या शस्त्र नियमांतली हवेच्या हत्यारांची २० ज्यूलची मर्यादा त्याने कुठेतरी वाचली होती. मी नको म्हटलं. टोलनाक्यावर काच खाली केली की समोरच्याला ज्यूल दिसत नाहीत, पी-३८ दिसतं. पिस्तूल चिठ्ठीसकट पुन्हा पेटीत गेलं, आणि किल्ली मामींच्या कमरेला.